परक्यांच्या आठवणीला आपल्या गावात जागा

(संस्थेच्या वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. बँकेत कारकून आहे. दिवसभर लोकांच्या पासबुकातल्या नोंदी बघायच्या आणि संध्याकाळी लोकलला लोंबकळत घरी यायचे, असे आपल्यापैकी अनेकांसारखेच माझे आयुष्य आहे. बी. ए.ला इतिहास हा विषय होता, तेवढी आवड राहिली. त्या आवडीच्या जोरावर चार शब्द बोलण्याचे धाडस करतो आहे.

विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. वर्षावासात बोलायचे सोडून हा मनुष्य बागेतल्या खांबाविषयी आणि बाकड्यांविषयी काय सांगणार? पण विषय ओढूनताणून आणलेला नाही. मागील महिन्याच्या बैठकीत एक पत्र वाचून दाखवण्यात आले, ते आपल्याला आठवत असेल. कल्याण कॅम्पात फाळणीनंतर जे निर्वासित येऊन राहिले, त्यांच्या पुढच्या पिढीतील काही वयोवृद्ध मंडळींनी महापालिकेकडे अर्ज करायचे ठरवले आहे. उद्यानाच्या एका कोपऱ्यात माहितीचा एक फलक आणि बसायला दोन बाके, एवढीच त्यांची मागणी आहे. त्या अर्जाला परिसरातील संस्थांनी पाठिंबा द्यावा, म्हणून ते पत्र आपल्याकडेही आले.

त्यावर आपल्यात दोन मते पडली. काही म्हणाले, सही द्यायला आपले काय जाते? काही म्हणाले, आपल्याच वाचनालयाच्या जागेसाठी चपला झिजल्या, तेव्हा कोण आले होते? दोन्ही मते प्रामाणिक होती. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तो निर्णय करताना हाताशी थोडी माहिती असावी, एवढ्याच हेतूने मी आज उभा आहे.

एका समाजाची आठवण सगळ्यांच्या बागेत असावी की नसावी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. त्याचे एक चांगले उदाहरण कोल्हापुरात आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परिसरात महावीर उद्यान आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी, संध्याकाळी मुलांना घेऊन येणाऱ्या आया, अशी चारचौघांसारखी बाग. त्या बागेत पोलंड देशातील माणसांचा एक स्मृतिस्तंभ आहे. एका लग्नाच्या निमित्ताने कोल्हापूरला गेलो असताना मी तो मुद्दाम पाहायला गेलो. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारले, हे काय आहे? ते म्हणाले, "पोलंडची माणसं वळिवड्याला ऱ्हात हुती न्हवं, लढाईच्या वक्ताला. त्येंची आठवण हाय ती. बाया-माणसं नि लेकरं आलेली बगा."

त्या आजोबांनी दोन वाक्यांत जे सांगितले, त्याचा विस्तार असा आहे. १९३९ च्या सप्टेंबर महिन्यात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि सतरा दिवसांच्या आत पूर्वेकडून रशियाने आक्रमण केले. देशाचे दोन तुकडे झाले. रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागातून १९४० आणि १९४१ साली लाखो माणसांना रात्रीबेरात्री घरातून उठवून मालगाड्यांत कोंबले आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे नेऊन टाकले. लाकूडतोड, खाणी, शेतमजुरी, उपासमार आणि थंडी यांत किती गेले याला सुमार नाही. पुढे १९४१ साली जर्मनी रशियावरच उलटली, तेव्हा रशियाने या पोलिश कैद्यांना सोडण्याचे मान्य केले. १९४२ साली त्यांच्यातले सैनिक आणि कुटुंबे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. लढता येण्याजोगे पुरुष सैन्यात गेले. मागे उरल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि अनाथ मुले. यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता.

त्या वेळी आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता. तरीसुद्धा आधी जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडी येथे पोलिश मुलांना जागा दिली, आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठच्या वळिवडे गावी मोठी वसाहत उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे तिथे राहिली. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, मुलांची बालवीर पथके, नाटकाचा रंगमंच, असे एक छोटे गावच तिथे वसले. खर्च प्रामुख्याने लंडनमधून चालणाऱ्या पोलिश सरकारने केला, हेही सांगितले पाहिजे. कोल्हापूरने दिली ती जागा आणि त्याहून महत्त्वाचा असा शेजार. भाजीवाली, दूधवाला, टांगेवाला, शिंपी यांच्याशी त्या माणसांचा रोजचा व्यवहार होऊ लागला. घरदार गमावलेल्या माणसाला असा साधा रोजचा व्यवहार म्हणजे काय असतो, हे आपल्यापैकी ज्यांचे आईवडील दुष्काळात गाव सोडून मुंबईला आले, त्यांना वेगळे सांगायला नको.

१९४५ साली युद्ध संपले. परंतु सरहद्दी बदलल्या. ज्या गावांतून त्यांना उठवले होते ती गावे रशियात गेली. परत जायचे कुठे? काही पोलंडला गेले, पुष्कळसे इंग्लंडला आणि इतर देशांत पांगले. १९४८ साली वसाहत बंद झाली.

आता पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या रिकाम्या झालेल्या बराकींत राहायला कोण आले? सिंधमधून आलेले निर्वासित. आज त्याच जागेला गांधीनगर म्हणतात आणि कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात ती ओळखली जाते. एका बेघर समाजाने मोकळ्या केलेल्या खोल्यांत दुसरा बेघर समाज राहिला. आपल्याकडेही याच काळात तेच घडले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या त्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आणले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी आपण आजही रिक्षावाल्याला "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर चार" असेच सांगतो. कुणाचा कॅम्प, कशाचा कॅम्प, हे आजच्या मुलांना विचारून पाहा. वळिवडे आणि कल्याण कॅम्प ही एकाच इतिहासाची दोन पाने आहेत. कोल्हापूरच्या पानावर बागेत स्तंभ आहे. आपल्या पानावर काय आहे?

वळिवड्यात लहानाचे मोठे झालेले पोलिश नागरिक पुढे म्हातारपणी एकत्र आले. त्यांनी आपली संघटना केली, आठवणी लिहिल्या आणि १९९८ साली, म्हणजे वसाहत बंद झाल्यावर बरोबर पन्नास वर्षांनी, कोल्हापूरच्या उद्यानात हा स्मृतिस्तंभ उभा राहिला. पुढाकार त्यांचा, जागा शहराची. २०१७ साली पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक बसला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन पुष्पचक्र वाहिले. जामसाहेबांचेही स्मारक त्याच शहरात २०१४ साली झाले. वळिवड्याच्या माळावरच्या बराकींची आठवण ऐंशी वर्षांनंतर परदेशच्या राजधानीत राहते. माणुसकीने दिलेली जागा कधी वाया जात नाही, हे यावरून दिसते.

असेच दुसरे उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहरातले आहे, आणि ते आर्मेनियन समाजाचे आहे. आर्मेनियन म्हणजे कोण, असे कुणी विचारील. आपल्या मुंबईत फोर्ट भागात, मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांचे सेंट पीटर चर्च आहे. ते १७९६ साली बांधले. पश्चिम आशियातून आलेले हे व्यापारी लोक एके काळी सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे मोठ्या प्रमाणावर होते. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक निघाले तेही १७९४ साली, आपल्या मद्रासमध्ये. आज मुंबईत हा समाज जवळजवळ उरलेला नाही, पण वास्तू आहे. वास्तू आहे म्हणून निदान नाव तरी घेतले जाते.

या समाजावर १९१५ पासून तुर्कस्तानच्या ऑटोमन राजवटीत भयंकर संहार ओढवला. लक्षावधी माणसे मारली गेली, वाळवंटात हाकलली गेली. वाचलेले जगभर पांगले. त्यातले काही बोस्टनच्या परिसरात गेले. त्या शहरात गावाच्या मधून जाणारा एक उंच रस्ता पाडून तो जमिनीखाली नेला आणि वर मोकळी झालेली लांबच लांब जागा बागेसाठी ठेवली. तिथे आर्मेनियन समाजाने वारसा उद्यानाची मागणी केली. विरोध झाला. मोकळी हिरवी जागा एवढ्या मुश्किलीने मिळाली, त्यात एका समाजाचे स्मारक कशाला? उद्या दुसरा समाज येईल, परवा तिसरा येईल! हा आक्षेप ऐकल्यासारखा वाटतो ना? आपल्याच बैठकीतला वाटतो.

तरीही २०१२ साली ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथे कुणा वीराचा पुतळा नाही. बारा पैलूंची एक मोठी आकृती दुभागून ठेवली आहे, आणि दरवर्षी ती हलवून तिची मांडणी बदलतात. मुळापासून तुटलेली माणसे नव्या जागी नव्या रीतीने आयुष्य मांडतात, असा त्याचा अर्थ. शेजारी वळणावळणाची गोल पाऊलवाट आहे. तिच्यावरून कुणीही चालावे, मुलांनी पळावे. तिथला मजकूर आर्मेनियन समाजाच्या संहाराचे स्मरण करतो, पण त्यानंतर जगात जिथे जिथे असा संहार झाला त्या सर्वांचेही करतो. आणि ज्या शहराने आसरा दिला त्याचे आभारही मानतो. म्हणजे दार एका समाजाने उघडले, परंतु आत सर्वांना बोलावले. शिवाय देखभालीसाठी त्या समाजाने कायम ठेव करून ठेवली. शहराच्या तिजोरीवर भार टाकला नाही. नागरी पाठिंबा मिळाला तो या साऱ्यामुळे.

आता आपल्यातल्या आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप असा की, आपली स्मारके, आपली वाचनालये रखडलेली असताना परक्यांसाठी आपण सही का करावी? याचे उत्तर मी आपल्याच इतिहासातून देतो. पुन्हा कोल्हापूरलाच चला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. बाबासाहेब त्या वेळी हयात होते. पुतळे उभारण्यात पुढाकार कुणाचा? सत्यशोधक परंपरेतल्या भाई माधवराव बागलांचा. ते आपल्या समाजात जन्मले नव्हते. गावाच्या भर चौकात बाबासाहेबांना जागा असली पाहिजे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी ते करून दाखवले. "तुमच्या समाजाचे तुम्ही बघा" असे जर ते म्हणाले असते, तर?

महाडचेही तेच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. बोले भंडारी समाजाचे. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीस होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ठराव कागदावरून जमिनीवर आला. पण पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल लागला तो १९३७ साली. दहा वर्षे गेली.

यातून मी दोन गोष्टी घेतो. सार्वजनिक जागा ही सार्वजनिक आहे, हे सिद्ध करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी डोकी फोडून घेतली. तेव्हा ती जागा कुणा एकाची नाही, हे तत्त्व आपण इतरांपेक्षा जास्त जपले पाहिजे. ते आपल्या सोयीपुरते वापरता येणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, नगरपालिकेचा ठराव एका सभेत होतो आणि दुसऱ्या सभेत रद्द होतो. तो टिकतो तेव्हाच, जेव्हा ज्याचा प्रश्न नाही अशी माणसेही त्याच्यामागे उभी राहतात. नागरी पाठिंबा या शब्दाचा मला समजलेला अर्थ हा आहे. आपली मागणी आपण केली तर ती मागणी असते. शेजाऱ्याची मागणी आपणही केली तर ते नागरिकत्व असते.

दुसरा आक्षेप मोकळ्या जागेचा आहे आणि तो खरोखर वजनदार आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत माणसाला पाय टेकायला जागा नाही. मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला बाग हवी. तिथे चौथरे, कठडे, कुलपे आली तर बाग उरत नाही. सुप्रीम कोर्टाने १८ जानेवारी २०१३ रोजी रस्ते, पदपथ आणि इतर सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामांना राज्यांनी परवानगी देऊ नये असा आदेश दिला, तो याच काळजीपोटी. म्हणून आपला पाठिंबा डोळे मिटून असू नये. फलक आणि बाके यांना आपण हो म्हणावे. कारण बाक सगळ्यांना बसायला असते, आणि फलक वाचायला जागा लागत नाही. पण उद्या त्याच जागेवर कुंपण घालायचे, वर्गणीचे मंडप टाकायचे, प्रवेश बंद करायचा असे निघाले, तर त्याला विरोध करण्याचा हक्कही आपण राखून ठेवला पाहिजे. मग तो अर्ज सिंधी बांधवांचा असो, की आपलाच असो.

तिसरा आक्षेप देखभालीचा. फलक बसवताना फोटो काढायला सगळे येतात. दोन वर्षांनी अक्षरे पुसतात आणि बाक मोडते, तेव्हा कुणी फिरकत नाही. इथे माझ्यातला बँकेचा कारकून बोलणार आहे, आणि त्याला आधार आहे आपल्या लेण्यांचा.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, उषवदात नावाच्या दात्याचा शिलालेख आहे. हा उषवदात शक होता, क्षहरात राजा नहपान याचा जावई. म्हणजे मुळात परक्या वंशाचा. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची ठेव केली. त्यातले २,००० एका विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. हिशेब करून पाहा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेख सांगतो की वर्षावासात तिथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचा ताळेबंद, आणि पैचा फरक नाही! हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत वाचून नोंदवला गेला, असेही तिथे कोरले आहे. दान परक्याचे, ठेव विणकरांकडे, नोंद गावाच्या दप्तरी आणि उपयोग भिक्षूंना. आजही आपण वर्षावासातच बसलो आहोत, म्हणून हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवरचे लेख पाहा. कित्येक खांब यवन दात्यांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परके लोक. त्यांची नावे आपल्या चैत्याच्या खांबांवर कोरायला कुणी हरकत घेतली नाही. कान्हेरीच्या लेखांत आपल्या कल्याणचे दाते आहेत. कारण कल्याण त्या वेळी बंदर होते, देशोदेशीची माणसे तिथे उतरत. परक्याला खांब देण्याची रीत कोल्हापूरने १९९८ साली नव्याने काढली नाही. ती आपल्या डोंगरांत कोरलेली आहे.

तेव्हा देखभालीसाठी अर्जदारांनी छोटीशी अक्षयनीवी करावी, असे आपण त्यांना सुचवू शकतो. समजा ३ लाख रुपयांची ठेव ठेवली आणि व्याज शेकडा सात धरले, तर वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये मिळतात. एक फलक पुसायला, अक्षरे रंगवायला आणि दोन बाके धड ठेवायला एवढे पुरेसे आहे. व्याजदर खालीवर होतात, म्हणून दरवर्षीच्या व्याजातले थोडे मुद्दलात टाकावे. खाते एकाच्या सहीने चालू नये. अर्जदारांचा एक, बाहेरचा एक, अशा दोन सह्या असाव्यात. बाहेरची सही आपल्या संस्थेची असली तर मला आवडेल.

आता आपण काय करावे, याविषयी माझ्या चार सूचना आहेत.

एक, अर्जाला पाठिंब्याचे पत्र द्यावे, परंतु अटींसह. जागा बागेचीच राहील; कुंपण, कुलूप, मंडप होणार नाही; बाके सर्वांसाठी असतील; देखभालीची ठेव असेल.

दोन, फलकावरचा मजकूर मराठी आणि सिंधी अशा दोन्ही भाषांत असावा, आणि त्यात कॅम्पाची पूर्ण हकीकत यावी. लष्कराची छावणी, नंतर निर्वासित, आणि मग त्या वस्तीत कामधंद्यासाठी आलेले इतर समाज. आपले पुष्कळ लोक तिथे राबले, राहिले, त्यांनी संसार केले. बोस्टनच्या उद्यानाप्रमाणे दार एकाने उघडावे आणि आत सर्वांनी यावे.

तीन, मजकूर खरा असावा. ऐकीव आकडे, फुगवलेल्या कथा नकोत. ज्यांनी ते दिवस लहानपणी पाहिले ती माणसे आता फार थोडी राहिली आहेत. आपल्या संस्थेच्या तरुणांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे आणि ते सांगतील ते तारीखवार लिहून घ्यावे. वळिवड्याच्या मुलांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या, म्हणून आज कोल्हापूरला त्या सांगता येतात.

चार, हे एका अर्जापुरते ठेवू नये. ठाण्यात बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग १८७९ पासून उभे आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली म्हणून हा समाज कोकणात ओळखला जाई. आज त्यातले बरेच इस्राएलला गेले, थोडी घरे उरली. ठाण्याची किती मुले हे जाणतात? शाळेची एक सहल महागड्या करमणूक केंद्राऐवजी आपल्या गावातल्या अशा चार ठिकाणी निघाली, तर खर्चही कमी आणि शिक्षणही जास्त.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाचनालयाच्या वेळी कोण आले होते, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्या मनातला सल मला समजतो. त्या वेळी फारसे कुणी आले नाही, हे खरे आहे. पण हिशेबाची एक गोष्ट मी रोज काउंटरवर पाहतो. ज्या खात्यात कधी जमा झाली नाही, त्यातून काढायला गेले की खिडकीवरून रिकाम्या हाताने परतावे लागते. शेजाराच्या खात्यात कुणीतरी पहिली जमा करावी लागते. बिंदू चौकात ती माधवराव बागलांनी केली, वळिवड्यात ती कोल्हापूरकरांनी केली. इथे आपण करू शकतो. आपल्या वाचनालयाचा अर्ज अजून संपलेला नाही. तो पुन्हा पुढे जाईल तेव्हा त्याच्याखाली सिंधी, ख्रिस्ती, मुसलमान, मराठा, आगरी अशा शेजाऱ्यांच्या सह्या असतील, तर तो अर्ज बाजूला सारणे कुणाही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही. परंतु केवळ या लाभासाठी सही द्यावी, असे मी म्हणणार नाही. मागणी रास्त आहे, आणि सार्वजनिक जागा सर्वांची आहे हे आपलेच म्हणणे आहे, म्हणून सही द्यावी.

पुढील बैठकीत हा ठराव येईल. कुणी विरोधात मत दिले तरी ते उघडपणे, कारणासह द्यावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी, एवढी विनंती आहे.  

जय भीम.